मेणाची वीस मिनिटं

दातांची लॅब कशी असते, हे बघायला कुणी कधी जात नाही. दवाखान्यातल्या खुर्चीत तोंड वासून पडायचं, डॉक्टर साचा घेतो, 'आठ दिवसांनी या' म्हणतो, आणि आठ दिवसांनी तोंडात नवी दाढ बसते. मधल्या आठ दिवसांत ती दाढ आली कुठून, हा प्रश्न कुणालाच पडत नाही. ती येते एका दुमजली इमारतीच्या मागच्या खोलीतून. तिथे सहा माणसं सकाळपासून संध्याकाळपर्यंत मान वाकवून बसलेली असतात, आणि त्यांतली एक आपली मेणताई.

मेणताई हे नाव लॅबमधल्यांनी ठेवलेलं. तिचं काम मेणाचं. प्लास्टरच्या जबड्यावर, पडलेल्या दाढेच्या जागी, गरम पात्याने थेंब थेंब मेण चढवून ती नवी दाढ घडवायची. वरचे उंचवटे, मधल्या खाचा, शेजारच्या दाताला टेकणारी कड, सगळं आधी मेणात. मग ती दाढ मेणाच्या एका बारीक दांडीवर उभी करून ट्रेमध्ये ठेवली की तिचं काम संपलं. पुढचं भट्टीवाल्या काकांचं. ते दांडीसकट दाढ लोखंडी कड्यात ठेवणार, वरून प्लास्टर ओतणार, कडं रात्रभर भट्टीत घालणार. मेण जळून जातं, आत दाढेच्या आकाराची पोकळी उरते, आणि सकाळी तिच्यात वितळलेला धातू जातो. मेणात जे असेल ते धातूत हुबेहूब उतरतं, चुकांसकट. म्हणून मेणताई डोळ्यांत तेल घालून काम करायची. एकोणीस वर्षांत तिच्या दाढेबद्दल एकाही डॉक्टरची तक्रार आलेली नव्हती.

जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. डबा ती दहा मिनिटांत उरकायची, आणि अन्नाचा हा अपमान बघून काका रोज हळहळायचे. उरलेल्या वीस मिनिटांत मेणाच्या कातरणातून ती एक चेहरा करायची, अंगठ्याच्या पेराएवढा. बसमध्ये समोर डुलक्या घेणारा माणूस, रांगेत भांडणारी बाई, जो कुणी डोक्यात घर करून बसला असेल तो. धरायला सोपं जावं म्हणून चेहराही दांडीवरच. संध्याकाळी निघताना ती तो बोटांत दाबून मोडायची आणि कातरणाच्या डब्यात टाकायची. 'मेण लॅबचं, लॅबला परत,' असं ती म्हणायची. अकरा वर्षं हे असं चाललं होतं.

यात प्रामाणिकपणा होताच, नाही असं नाही. पण थोडी पळवाटही होती. जी वस्तू संध्याकाळपर्यंतच टिकते तिला नावं ठेवायला कुणाला वेळच मिळत नाही. हे मेणताईला पुरतं ठाऊक होतं, फक्त ते तिने स्वतःला कधी कळू दिलं नव्हतं.

घरी कुणाला यातलं काही माहीत नव्हतं. लपवावं असं काही नव्हतं, पण सांगणार काय? नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या बोगद्यात लोंबकळून आलेल्या माणसाला 'आज मी एका बाईचं नाक केलं आणि मोडलं' असं सांगितलं असतं, तर त्याने आधी हिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. मुलगी परीक्षेच्या वर्षाला, म्हणजे घरातली सगळ्यात मोठी अधिकारी. आणि सासूबाईंना टीव्हीपुढे जगाचं भान नसे. मेणताईला दिवसभर कुणी ना कुणी हाक मारत असे. दुपारच्या त्या वीस मिनिटांत मात्र कुणी मारत नसे, आणि तेवढ्यावर तिचं बरं चाललं होतं.

मग एका मंगळवारी माशी शिंकली.

चेहरा जवळजवळ झाला होता. फक्त कान राहिला होता. तेवढ्यात मुलीचा फोन. क्लास लवकर सुटला, ती घरी आली, तर आजीने आतून कडी लावलेली. "अगं आई, बेल वाजवून वाजवून बोट दुखलं माझं. आजी दारच उघडत नाहीये!"

हातातला चेहरा समोरच्या ट्रेमध्ये मेणताईने तसाच उभा केला, लॅबच्या मालकीण मॅडमना जाता जाता सांगितलं आणि धावत सुटली. घरी पोचते तो दार उघडं. शेजाऱ्यांनी दार बडवून बडवून सासूबाईंना उठवलं होतं, आणि त्या पदराने तोंड झाकून सगळ्यांनाच विचारत होत्या, "एवढा आरडाओरडा कशाला? माणसाने झोपायचंसुद्धा नाही का?" त्या दिवशी मेणताई परत लॅबमध्ये गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारातच उभे होते. चेहऱ्यावर अर्धं हसू आणि अर्धी पळून जायची तयारी.

"ताई, आधी चांगलं सांगू की वाईट?"

ट्रेमध्ये काल तीन पुढच्या जोडलेल्या दातांचा एक ब्रिज होता, मेणताईनेच सकाळी करून ठेवलेला. त्याच्या शेजारी तिचा चेहरा. दोन्ही दांडीवर. आणि या लॅबचा कायदा सोपा होता: ट्रेमध्ये दांडीवर जे उभं आहे ते ओतायचं. काकांनी चेहरा ओळखला नाही असं नव्हतं. अकरा वर्षं शेजारी बसून डबा खाणारा माणूस तो.

"मला वाटलं, चला, शेवटी एकदाचं हिला काहीतरी ठेवावंसं वाटलं," काका म्हणाले. "तोंडाने मागणार नाही, म्हणून गुपचूप ट्रेमध्ये ठेवलंय. इतका आनंद झाला ना ताई, की त्या आनंदात धातू वाढवायला विसरलो."

म्हणजे झालं असं, की दोन्ही एकाच कड्यात होते आणि वितळलेला धातू आधी चेहऱ्यात गेला, त्याने पोटभर घेतला, आणि दातांच्या वाट्याला उरलासुरला आला. ब्रिजचे तीन दात अर्धवट राहिले होते. चेहरा मात्र अप्रतिम उतरला होता.

ज्या माणसाचे ते दात, त्याचा त्याच दिवशी दुपारी नोकरीसाठी इंटरव्ह्यू होता. डॉक्टरने फोनवर मॅडमना इतकं सुनावलं, की पलीकडच्या टेबलावरचेही खाली बघू लागले. काका पुढे होऊन म्हणाले, चूक माझी. मेणताई म्हणाली, नाही, वस्तू माझी. मॅडम तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही.

"ताई, तुमच्या हातावर माझा डोळे मिटून विश्वास आहे. म्हणून एकदाच सांगते. सुट्टीत जेवा, फिरून या, झोपा. पण आजपासून इथे मेणाचे चेहरे नकोत."

मेणताईने मान हलवली. त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. कुणा अनोळखी माणसाला मोडक्या तोंडाने इंटरव्ह्यूला जावं लागणार होतं, आणि तिला त्याची मनापासून लाज वाटत होती. तिने दुपारचं जेवण न करता नवा ब्रिज मेणात करून दिला.

संध्याकाळी बसमध्ये तिने पर्समधून तो चेहरा काढला. आपण केलेला एखादा चेहरा चार तासांपेक्षा जास्त वेळ टिकलेला ती पहिल्यांदाच बघत होती. एका बाजूचा कान अर्धवट होता. हनुवटी जरा बसकी. पण खुर्चीत मागे टेकलेली मान, मिटलेले डोळे, आत गेलेले गाल आणि त्यांच्यामध्ये मिटलेलं ते छोटंसं तोंड, ते सगळं असं खरं होतं, की तिला एकाच वेळी हसू आलं आणि धडकी भरली. कारण त्या सासूबाई होत्या, आणि त्यांच्या तोंडात कवळी नव्हती.

आता इथे थोडं सांगायला हवं. सासूबाईंची कवळी नऊ वर्षांपूर्वी मेणताईनेच बनवलेली. पोटच्या मुलासमोरसुद्धा त्या ती काढत नसत. नातीने आजीला दातांशिवाय कधी बघितलंच नव्हतं. दुपारी घरात एकट्या असल्या की कडी लावायची, कवळी वाटीत ठेवायची आणि टीव्हीपुढे मान टाकायची. साडेपाचला मेणताई आली की तेवढी कडी काढायची आणि कवळी न घालताच पुन्हा खुर्चीत. फक्त हिच्यासमोर. कसलाही गाजावाजा न करता दिलेला असा मान दुसऱ्या कुणालाही मिळालेला नव्हता.

मेणताईने चेहरा सुईदोऱ्याच्या डब्यात, बटणांच्या खाली लपवला. नवऱ्याच्या कामाच्या शर्टाची बटणं आठवड्याला एक या हिशेबाने तुटतात आणि ती सासूबाई लावतात, हे तिच्या डोक्यात कसं आलं नाही कोण जाणे. शुक्रवारी ती घरी आली तेव्हा सासूबाई खिडकीशी उभ्या होत्या. तोंडात कवळी, डोळ्यांवर चष्मा, तळहातावर ती वस्तू.

"हे कोण?"

मेणताईने खांद्यावरची पर्स खाली ठेवली.

"कोण, विचारते मी."

"तुम्ही, आई."

"ते दिसतंय मला. दात कुठायत माझे?"

"चुकून झालं, आई. मी मेणात करते आणि रोज मोडते. हे तेवढं मोडायचं राहिलं."

"रोज? म्हणजे याआधीही केलंयस मला?"

अशा वेळी खोटं बोलावं. मेणताईला ते कधी जमलं नाही. "बऱ्याचदा," ती म्हणाली.

सासूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली असती तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. त्या खाली बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुझा धंदाच तो, म्हणून तुझ्यापुढे काढत होते. मला वाटायचं, तू बघतच नाहीस. तू तर टक लावून बघत होतीस गं." त्यांनी चेहरा मुठीत घेतला आणि आपल्या खोलीत निघून गेल्या.

मग अबोला. भाजीत मीठ कमी पडलं, तेही नातीमार्फत कळवण्यात आलं. सासूबाई आता झोपेपर्यंत कवळी काढत नसत. संध्याकाळी त्यांचा हात सारखा जबड्यावर जायचा. हिरड्या ठणकत असणार, हे मेणताईला दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं, आणि ते बघवत नव्हतं.

इकडे दुपारची वीस मिनिटंही गेली होती. ती डबा सावकाश खायला लागली, त्याने काकांचं समाधान झालं, पण तिचं पोट काही भरेना. आता गोष्टीत असं यायला हवं, की छंद सुटल्यामुळे तिचं काम बिघडलं आणि मॅडमना पश्चात्ताप झाला. तसं काहीही झालं नाही. दाढा झकास होत होत्या. तिच्या त्या वीस मिनिटांवाचून जगाचं काहीच अडत नव्हतं. तिचं एकटीचं अडत होतं, आणि हे कुणाला सांगायचं, हेच तिला कळेना.

शेवटी तिने लॅबला माल पुरवणाऱ्या माणसाकडून स्वतःसाठी मेणाचा एक डबा घेतला. लॅबमध्ये नाही तर घरी. पहिल्या दिवशी सकाळी बसली, तर दूध उतू गेलं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसली, तर मुलीच्या रसायनशास्त्राच्या वहीवर मेणाचा थेंब पडला आणि घरात प्रलय आला. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने विचारलं, हे काय चाललंय? तिने एकदाचं सगळं सांगितलं. फक्त चेहरा कुणाचा, तेवढं वगळून.

त्याने ताप बघितला नाही. उलट इतका खूश झाला, की दुसऱ्या दिवशी पातं तापवायचा दिवा घट्ट बसवायला लोखंडी पकड करून घेऊन आला आणि तिच्या खांद्यामागे उभा राहिला. "नाक जरा डावीकडे गेलंय असं नाही वाटत तुला?" लिफ्टचे रूळ सरळ करणारा माणूस तो, त्याला सगळीकडे डावं-उजवंच दिसायचं.

"तुम्ही जरा टीव्ही बघता का?"

"बघतो, बघतो. पण ते काकांनी ओतलेलं दाखव ना एकदा. आणि आईचं नि तुझं काय बिनसलंय? आठवडा झाला, घरात नुसतं शीतयुद्ध."

"माझं चुकलंय," मेणताई म्हणाली. "आणि ते आता आईंकडे आहे. त्यांचं आहे ते. त्यांनी दाखवल्याशिवाय मी त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. तुम्हीही विचारू नका."

शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज मघाशीच कमी झाला होता, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

वेळ मिळाला, जागा मिळाली, मेण मिळालं, आणि हात चालेना. बसमधल्या माणसाचा चेहरा सुरू करावा, तर त्याच्या घरात चोरून डोकावल्यासारखं वाटायचं. टक लावून बघत होतीस गं. चार दिवस तिने नुसता मेणाचा गोळा गरम केला आणि गार होऊ दिला. पाचव्या दिवशी, सहाच्या सुमाराला, मुलगी क्लासला आणि नवरा कामावर असताना, ती टेबलाशी बसून चक्क रडली. अकरा वर्षांत चेहरे मोडताना जे आलं नव्हतं ते रडू आता आलं. कारण या वेळी काहीतरी खरंच मोडलं होतं.

पाठीमागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

सासूबाई समोर येऊन बसल्या. केस चापूनचोपून विंचरलेले, कवळी तोंडात, हात मांडीवर. "कर," त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांतला हा पहिला शब्द.

"काय?"

"मला. नीट, तोंडावर सांगून, समोर बसवून. चोरून नाही."

मेणताईने डोळे पुसले आणि पातं तापवलं. सासूबाई अशा ताठ बसल्या होत्या, की श्वास घेतात की नाही अशी शंका यावी. हात मात्र वीस मिनिटं चालला. गाल भरले, ओठ सरळ रेषेत आले, कानही या वेळी पुरा झाला. तिने चेहरा दांडीसकट टेबलावर उभा केला.

सासूबाई उठून खोलीत गेल्या आणि धातूचा चेहरा घेऊन आल्या. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून, चष्मा पुसून, त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"ही कोण?" मेणाच्या चेहऱ्याकडे बोट दाखवत त्यांनी विचारलं.

"तुम्हीच की."

"छे! ही ओळखपत्रावरची बाई आहे. आता हात वर करून सरकारी शपथ घेईल." मग त्यांनी धातूचा चेहरा उचलला. त्यांचा आवाज बदलला. "आणि ही कोण, माहितीये तुला?"

उत्तर चुकलं तर पुन्हा आठवडाभर मीठ नातीमार्फत यायचं.

"माझी आई," सासूबाई म्हणाल्या. "शेवटी शेवटी अशीच झोपायची, अशीच मान टाकून. आमच्याकडे तिचा एकही फोटो नाही. मी चेहरा विसरून गेले होते गं तिचा. पहिल्या दिवशी रागाने हे कपाटात फेकलं. दुसऱ्या दिवशी नीट बघितलं. तेव्हापासून उशाखाली घेऊन झोपतेय." त्यांनी चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. "मी इतकी तिच्यासारखी दिसायला लागलेय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? मी कुणाला बघूच दिलं नाही."

मेणताईने हात पुढे करून सासूबाईंचा हात धरला, तो त्यांनी धरू दिला आणि मग आपला सोडवून घेतला, कारण तो त्यांना हवा होता. त्यांनी तोंडातली कवळी काढली, वाटीत ठेवली, जबडा दोनदा उघडून मिटला आणि सुटकेचा असा सुस्कारा टाकला, की मेणताईला रडता रडता हसू आलं.

"हसू नकोस. कर आता. आणि नाक माझंच कर, आईचं जरा बारीक होतं."

"आज वेळ संपला, आई. स्वयंपाक व्हायचाय."

"बटाटे मी चिरून ठेवलेत. उद्यापासून रोज ठेवीन. किती वेळ लागतो तुला?"

"वीस मिनिटं."

"रोज?"

"रोज."

"मग ठीक आहे. मला वाटलं, एकदा करशील आणि सोडून देशील," सासूबाई म्हणाल्या, आणि मान मागे टाकून त्यांनी डोळे मिटले.

मेणताईने पातं दिव्यावर धरलं.